उजेडातलं जेवण

फुएन्सांतामावशी स्पेनमधल्या लोर्का गावात ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या मिरवणुकीसाठी रेशमी झग्यांवर भरतकाम करायची. झग्यांवरचे संतांचे चेहरे भरायला तिच्याकडेच यायचे. एका गालाला कितीतरी छटांचं रेशीम लागतं आणि शेजारच्या दोन छटा जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. मी तिची भाची. झगा ताणून बसवलेल्या त्याच चौकटीच्या दुसऱ्या बाजूला बसून कडा भरायचे.

मे महिन्यात एका सकाळी तिने सुई खाली ठेवली.

"हा गाल पिवळा कुणी भरला?"

"तूच, मावशी. काल."

तिचा चेहरा उतरला. आजीचे डोळे साखरेनेच गेले होते. आधी रंग गेले, मग माणसं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. मी सोबत होते. त्या म्हणाल्या, "डोळे अजून शाबूत आहेत. साखर चढली की नजर धूसर होते, उतरली की निवळते. पण अशीच चढत राहिली, तर निवळायची नाही. रात्री किती वाजता जेवता?"

"दहाला. नवरा आल्यावर."

"शरीरात ठिकठिकाणी घड्याळं असतात, बाई. डोक्यातलं उजेडावर चालतं, पोटातली जेवणावर. अंधार पडला की साखर जिरवणारे अवयव दुकान आवरायला घेतात. तेव्हा तुम्ही भरलं ताट घेऊन शटर ठोठावता. गोळी आहेच, पण आठला जेवा, उजेड असतानाच."

 आमच्याकडे आठला जेवतो तो इस्पितळातला माणूस. आजीचं ताट शेवटचे महिने आठलाच यायचं, झाकण घातलेलं. त्या झाकणाचा आवाज मावशी विसरली नव्हती.

तरी ती आठला खायची. स्वयंपाकघरात उभ्याने, भिंतीकडे तोंड करून, औषध घ्यावं तसा मसुराचा रस्सा आणि पाव. दहाला हिनेसकाका चपला दुरुस्तीचं दुकान बंद करून, मित्रांबरोबर डोमिनोचा डाव संपवून आले, की त्यांच्यासमोर बसून पुन्हा जेवायची. उभ्याने खाल्लेलं तिच्या लेखी जेवणच नव्हतं. टेबलावर नवऱ्याला एकटं बसवणं तर तिच्या आईच्या घरात कधी घडलंच नव्हतं.

काका चिडवायचे, "काय गं, आठला चरतेस म्हणे! उशाशी घंटा ठेवू का, नर्सला बोलवायला?"

ती हसायची. हात मात्र ॲप्रनमध्ये लपवायची.

महिन्याभराने साखर आणखी वर. डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं, तेव्हा दोनदा जेवण्याची गोष्ट उघड झाली.

त्या संध्याकाळी काका घरी आले, तेव्हा मावशी चौकटीपाशी बसली होती. समोर दोन रिळं.

"हिनेस, यातलं फिकट कुठलं?"

"थट्टा करतेस?"

"सांग ना रे. मला दोन्ही सारखीच दिसतायत."

काकांनी डावीकडचं रीळ उचलून तिच्या हातात ठेवलं.  

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाचं शटर लवकर ओढलं. आठला टेबलावर दोन ताटं, बटाट्याचं आम्लेट, टोमॅटो. तिसरं ताट देऊन मलाही बसवलं. आमच्याकडे जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो; ऊन थेट मिठाच्या भांड्यावर पडलेलं. इतक्या उजेडात जेवताना उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं. मावशीने खिडकीची झडप ओढायला हात नेला.

"राहू दे," काका म्हणाले.

तेवढ्यात समोरच्या घरातली रेमेदियोस आमच्या खिडकीशी आली. ताटं बघून तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

"देवा रे! कोण आजारी आहे?"

मावशीचा घास हातातच राहिला. तिच्या आजाराची बातमी झगे भरायला देणाऱ्यांपर्यंत पोचली, तर संतांचे चेहरे तिच्याकडे येणार नव्हते.

"मी," काका म्हणाले. "पोट बिघडलंय. पसरव आता गावभर, तुला तेवढंच काम!"

ती गेली. काकांनी पावाचा तुकडा मोडून मावशीच्या ताटात ठेवला.

"खा. दहाला स्वयंपाकघराला कुलूप."

मावशीने खाल्लं. मग खिशातली दोन रिळं काढून ताटाशेजारी, उन्हात ठेवली आणि ऊन भिंतीवर चढेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली. फिकट कुठलं, ते आम्ही दोघांनीही तिला विचारलं नाही.