नगऱ्याच्या शाळेतील हळदीकुंकू

कमलताईंची आणि माझी पहिली भेट झाशीत, नगरा नावाच्या वस्तीतल्या सरकारी प्राथमिक शाळेत झाली. मी शिक्षिका म्हणून रुजू व्हायला गेले, तेव्हा मुख्याध्यापिका कमलताई सतरंजीवर बसून एका मुलीचे वाचन ऐकत होत्या. माझे आडनाव ऐकताच मराठीत म्हणाल्या, "बसा. हिचं पान संपू दे."

पुढे शाळेचा पट घसरत गेला. पालकांना टाय-बुटांची खासगी शाळा हवी होती. आमची शाळा रुळांपलीकडच्या शाळेत विलीन करण्याची बोलणी सुरू झाली. तसे झाले तर लहान मुली रूळ ओलांडणार नाहीत, घरीच बसतील, ही ताईंची चिंता होती. पालकसभेला मात्र कोणी फिरकत नसे. बैनजी, म्हणजे शाळेतल्या बाई, रागावतील, अशी आयांना धास्ती.

मग संक्रांतीनंतर ताईंनी शाळेच्या अंगणात हळदीकुंकू ठेवले. वस्तीतल्या बायकांना हा आपला प्रकार ठाऊक नव्हता. व्रत असेल असे समजून बऱ्याच जणी उपाशीच आल्या. ताईंनी सगळे थांबवून आधी पोहे वाढले.

वस्तीतल्याच, सीपरी बाजारात शिवणकाम करणाऱ्या शांतीजी विधवा म्हणून फाटकापाशीच उभ्या होत्या. ताई स्वतः गेल्या, त्यांना कुंकू लावले आणि हाताला धरून आत घेऊन आल्या.

वाण म्हणून प्रत्येक आईसमोर तिच्या मुलाने एक पान वाचले. शांतीजींची मुलगी खासगी शाळेत होती. तिने कविता धडाधड म्हटली, पण नवे पान पुढे येताच ती अडखळली. ताई तिच्याजवळ बसल्या आणि एकेका शब्दावर बोट ठेवत तिच्याबरोबर वाचू लागल्या. शांतीजी पाहत होत्या. मग म्हणाल्या, "टाई तो हम घरई बाँध लेहें, बैनजी. पढ़बो इतई सिखा दो." टाय काय, आम्ही घरीच बांधू; वाचायला मात्र इथेच शिकवा, असे त्यांचे म्हणणे.

एप्रिलमध्ये ती मुलगी आमच्याकडे आली. तिच्या मागोमाग गल्लीतली आणखी मुले आली. विलीनीकरणाची टांगती तलवार अजून आहे. पण यंदाही शाळा नगऱ्यातच भरते आहे.

साठीनिमित्त आम्ही ताईंना थोडी विश्रांती सुचवली. त्यांनी पहिलीचा वर्ग मागून घेतला. या मुलांनी इथूनच पाचवी पार करावी, आणि पुढे आपल्या मुलांचे बोट धरून याच फाटकातून आत यावे. ते पाहण्याइतके दीर्घ, निरोगी आयुष्य ताईंना लाभो.