तीन नंबरवर येऊन राह्यली

“नामदेव, तीन नंबरची वॅगन?” मी इंजिनातून मान बाहेर काढून ओरडलो.

मालधक्क्याच्या पलीकडून उत्तर आलं, “येऊन राह्यली, साहेब!”

झालं. येऊन राहिली, म्हणजे आली आणि उभी राहिली. माझ्यासारख्या साताऱ्याकडच्या माणसाला दुसरा काय अर्थ कळणार? मी रेग्युलेटर उघडला, वाफ सुटली, इंजिन तीन नंबरच्या रुळावर निघालं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. वर्धा जिल्ह्यातलं एक यार्ड. नाव सांगत नाही, कारण चूक यार्डाची नव्हती, माझी होती. मी शंटर, म्हणजे यार्डातल्या यार्डात डबे इकडून तिकडे करणारा ड्रायव्हर. आमचं कोळशाचं इंजिन दिवसभर पुढे-मागे करायचं आणि कुठेच पोचायचं नाही. बदली होऊन मला दीड महिना झाला होता, आणि आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता.

मालधक्क्यापलीकडे वळण होतं, पुढचं दिसत नव्हतं. अशा ठिकाणी पॉइंट्समनची हिरवी झेंडी दिसल्याशिवाय हलायचं नाही, हा नियम. पॉइंट्समन म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, डबे जोडणारा माणूस. तोच आमचा नामदेव. पण दुपारचं ऊन, समोर भट्टी, कापसाच्या गाठींचे डबे जोडायची घाई. झेंडीची वाट न बघता मी नुसत्या शब्दावर निघालो.

माझे फायरमन शामराव वडिलांच्या वयाचे, भट्टीत कोळसा मारण्यात जन्म गेलेला. त्यांनी फावडं टाकलं.

“साहेब, कुठं निघाले? वॅगन येऊन राह्यली ना!”

“म्हणूनच निघालो.”

“अवो, चालू आहे ते! आपल्याकडेच येऊन राह्यली!”

वऱ्हाडीत ‘येऊन राह्यली’ म्हणजे ‘येते आहे’. शामराव थांबले नाहीत. मला बाजूला सारून त्यांनी रेग्युलेटर बंद केला, ब्रेक लावला. ड्रायव्हर हजर असताना फायरमननं हँडलला हात लावणं म्हणजे गुन्हाच. इंजिन थांबलं आणि वळणावरून वॅगन दिसली. भरलेली, सुटी, उतारावर. तिच्या बाजूला ब्रेकच्या दांडीवर सगळं वजन टाकून नामदेव लोंबकळत होता. ब्रेक धरत नव्हता. धडक बसली असती तर तो सरळ चाकाखाली गेला असता.

“उलटं घ्या,” शामराव म्हणाले. “पळत्या गोऱ्ह्याले समोरून नाई धरत. त्याच्यासंगं पळा.”

मागचा रूळ मोकळा होता. मी इंजिन उलटं घेतलं, हळूहळू वेग दिला. वॅगन पाठोपाठ आली, धक्का झेलणारे बफर बफरला लागले, नुसतं खट्ट झालं. मग मी बेताबेतानं ब्रेक लावला आणि दोन्ही थांबली.

नामदेव खाली उतरला, तोंड पुसलं. “काऊन आले जी तुमी? मी सांगतलं ना, येऊन राह्यली म्हणून!”

संध्याकाळी शामराव आणि मी यार्डाच्या फोरमनसमोर उभे राहिलो.

“इंजिन कोणं थांबवलं?”

शामराव खाली बघत होते. मी थांबवलं म्हणालो असतो तर आम्ही दोघंही सुटलो असतो. पण खोटं बोलायला जीभ वळेना.

“शामरावांनी. चालवलं मी, थांबवलं त्यांनी.”

“फायरमननं हँडल धरलं?”

“धरलं म्हणून नामदेव बाहेर उभा आहे, साहेब.”

फोरमननं पेन खाली ठेवलं. सगळं ऐकलं. “दोघंही मराठीच बोलून राह्यले, अन् माणूस मरत होता,” एवढंच म्हणाले. मला लेखी वॉर्निंग मिळाली, ती योग्यच होती. शामरावांच्या नावावर एक अक्षर लिहिलं नाही, याबद्दल त्या माणसाचा मी आजही ऋणी आहे.

तेव्हापासून आम्ही दोनच शब्द ठरवले: ‘चालू’ किंवा ‘उभी’. आणि वर झेंडी.

शामरावांचे आभार मानायला गेलो, तर म्हणाले, “राहू द्या जी, बॉयलरचं पाणी पाहा.” आता ते नाहीत, ते इंजिनही नाही. आभार माझ्याकडेच उरलेत. भाषा आपलीच असली तरी झेंडी बघावी, एवढं मात्र शिकलो.

रिटायर होऊन मी इथेच, वर्ध्याजवळ पिपरी मेघेत राहिलो. जवळच्या बोरगाव मेघेहून नामदेव सायकलवर येतो. फाटकापासूनच ओरडतो, “येऊन राह्यलो, साहेब!”

“चालू की उभा?”

“अजून चालूच आहो, साहेब.”