केकआधीची तक्रार

मावशींची सुरी केकवर थांबली होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. वसईतल्या माझ्या या घरमालक काका-मावशींची नाताळची रीतच उफराटी. आधी प्रत्येकाने घराविषयी एक तक्रार सांगायची, मगच केक कापायचा. काकांच्या घोरण्यापासून कुत्र्याच्या लाडांपर्यंत सगळं सांगून झालं होतं.

"बोल गं बाई, तुझ्यापायी केक अडलाय," काका म्हणाले.

सातवीत शाळा सुटलेली मी, बीडहून शिवणकामासाठी इथं आलेली. तापात यांनीच मला पेज भरवली. तक्रार कुठून आणू? माणूस रागावतो ते हक्काच्या माणसांवर, आणि तो हक्क घ्यायचीच मला भीती वाटते.

"मावशी," शेवटी मी म्हटलं, "तुमच्यामुळं मला आईची आठवण कमी येते."

मावशींनी सुरी माझ्याच हातात दिली. मला काही केल्या केक कापता येईना.