डाव्या हाताने जेवणारी माणसं

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी कुवेत सिटीत एका स्टुडिओत होतो. तेल सापडण्याआधीच्या कुवेतवर माहितीपटांची मालिका चालली होती. तिच्यातले नकाशे, शीर्षकं मी काढायचो, आणि हात हलका म्हणून जुन्या फिल्मा साफ करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. सोलापूरच्या गिरणीतल्या रंगखात्यात सूत बुचकळणाऱ्याचा मी मुलगा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला. मुंबईला कमर्शियल आर्ट शिकलो ते कुणाच्या चिठ्ठीवर नाही. हे मी तेव्हाही सांगायचो, आताही सांगतो. पण त्या एका रिळाला हात लावताना जी भीती वाटायची, तिच्यापुढे शिक्षणबिक्षण काही कामाचं नव्हतं.

रीळ एका जुन्या मोती-व्यापारी घराण्याचं होतं. सोळा मिलिमीटरचं, मुकं आणि एकुलतं एक. घराण्यातले वडीलधारे हाजी ते स्वतः आणून देऊन गेले होते. डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबट वास यायचा. फिल्म आतून नासत चालली होती. आक्रसलेली, वर्षभर डब्यात राहिलेल्या पापडासारखी. मी कापसाने वीतभर वीतभर पुसायचो आणि बोटांखाली कट् वाजतंय का ते ऐकत बसायचो. एसी चालू असूनही पाठ भिजायची.

आमचा दिग्दर्शक इजिप्तचा. त्याला सगळे उस्ताद म्हणत. माझ्या नकाशात गलबतं कुवेतहून निघून उजवीकडे, मोत्यांच्या समुद्राकडे जायची. फिल्ममध्ये मात्र गलबत डावीकडे चाललं होतं. नकाशापाठोपाठ ते दृश्य आलं की निघालेली माणसं लगेच घरी परतल्यासारखी वाटत. उस्ताद म्हणाला, रीळ उलट्या बाजूने चढव. मुक्या फिल्मला दोन्ही कडांना भोकं असतात, त्यामुळे ते जमतं. आरशात बघावं तसं चित्र येतं. फिल्म टेपवर उतरवायच्या मशीनवर मी रीळ उलटं चढवलं आणि श्वास धरून सगळं उतरवून घेतलं. दोन ठिकाणी कडा चिरल्या, पण निभावलं.

मग निवांतपणे टेप बघायला बसलो. गलबत झकास उजवीकडे गेलं. पुढे जेवणाचं दृश्य आलं. डेकवर मोठं ताट, भात आणि मासे, भोवती खलाशी दाटीवाटीने बसलेले. मधोमध गलबताचा मालक, म्हणजे हाजींचे वडील. सगळ्या रिळात त्यांचा चेहरा तेवढ्या एकाच ठिकाणी स्वच्छ दिसत होता. आणि ते डाव्या हाताने जेवत होते. सगळेच डाव्या हाताने जेवत होते.

लहानपणी डावा हात ताटाकडे गेला तर आईचा फटका बसायचा, तेवढ्यावर आमच्याकडे भागायचं. इथे त्या हाताने सैतान खातो म्हणतात. एका घराण्याच्या कर्त्या पुरुषाला मी पडद्यावर त्या हाताने जेवायला बसवलं होतं, आणि त्याचा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी ते बघायला येणार होता.

उस्तादला दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, ते दृश्य कापून टाक. मी म्हटलं, ज्या चेहऱ्यासाठी ते येताहेत तोच कापू? मग रीळ पुन्हा सुलट चढव, म्हणाला. पण तुटलं तर तुझ्या हातून तुटलं, मी काही सांगितलेलं नाही. टेपवरचं चित्र उलटवायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती.

फहाहील भागातल्या माझ्या खोलीवर आलो, पण घास गिळवेना. बायको माझ्या व्हिसावर नुकतीच आलेली, दिवस गेलेले. तिला सगळं सांगितलं.

"मग हाजींनाच सांगून टाका की," ती म्हणाली. "एरवी तर तोंड थांबत नाही तुमचं."

"सांगेन. पण उद्या इकामा, राहायचा परवानाच गेला तर तू विमानात बसायची तयारी ठेव."

"माझी ट्रंक अजून पुरती उघडलेलीच नाही," ती म्हणाली आणि माझ्या पानात आणखी भात वाढला.

सकाळी हाजी आले. मोती विकायला मुंबईला गेलेल्या जुन्या व्यापाऱ्यांना तिथली हिंदी येते, तशी त्यांनाही येत होती. उस्ताद तसबीची माळ फिरवत दाराशी उभा. टेप लावायच्या आधीच मी बोललो. चित्र आम्ही उलटं उतरवलंय, त्यात तुमचे वडील डाव्या हाताने जेवताना दिसतील. सुलट करायचं तर रीळ पुन्हा चालवावं लागेल, आणि ते तुटू शकतं. कुणाच्या सांगण्यावरून उलटं केलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

हाजींनी एकदा डब्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून मशीनजवळ बसले.

"चलाओ," ते म्हणाले. "मेरे बाप ने उस हाथ से कभी नहीं खाया."

मी रीळ हाताने जेवणाच्या दृश्यापर्यंत आणलं, सुलट चढवलं, कोरी टेप लावली आणि बटण दाबलं. डोळे पडद्यावर कमी, फिल्मवर जास्त होते माझे. ताट आलं. खलाशी आले. मालकांनी उजव्या हाताने घास उचलला, मान वर केली, कॅमेऱ्याकडे बघून हसले. आणि कट् वाजलं. मशीनच्या पलीकडे फिल्म भोकांच्या रेषेत उभी फाटत गेली आणि जमिनीवर तुकडे पडले. त्यांतच तो चेहरा होता.

मी मशीन बंद केलं. मागे वळून बघायचा धीर होईना. तसबीचा आवाजही थांबला होता.

"टेप में आया?" हाजींनी विचारलं.

टेप मागे घेऊन लावली. आलं होतं. जिथे ते हसतात तिथे हाजींनी हात वर केला. मी चित्र थांबवलं. ते थरथरत उभं राहिलं. हाजी हाताकडे बघतच नव्हते, चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटत होतं की आता बोलतील, आता मला घालवतील.

शेवटी मी खाली बसून तुकडे गोळा करायला लागलो. एका हातात डबा धरून दुसऱ्या हाताने ते ठिसूळ तुकडे उचलायला जमेना. हाजी खुर्चीवरून उठले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी डबा धरला.