ताटातला प्लग

भूतबित मी मानत नाही. देवाचंही तसंच. मानायचो ते फक्त स्वतःच्या हुशारीला... म्हणजे अंधश्रद्धाळूच होतो म्हणा ना!

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कॉम्प्युटर कंपनी. डिस्कवर कुठे लिहायचं, कुठून वाचायचं हे ठरवणारा प्रोग्रॅम माझा. पनवेलच्या एका हॉस्पिटलची जुनी डिस्क आली होती — बेअरिंग किंचाळत होतं, आज मरेल की उद्या सांगता येईना. सगळ्या पेशंटांच्या नोंदी तिच्यातच. बॅकअपची टेप? होती की. मीच चुकून पुसली. आता सगळं नव्या मोठ्या डिस्कवर एकदाच, न चुकता उतरवायचं होतं.

नेमकी खंडेनवमी. हार्डवेअरचे म्हात्रेकाका मोरा बंदराच्या कोळीवाड्यातले. त्यांनी दोन्ही डिस्कना झेंडूचे हार घातले, मशीनचा प्लग उपटून हळद-कुंकू लावून चक्क पूजेच्या ताटात ठेवला.

"काका, लावा ना तो! जुनी डिस्क उद्यापर्यंत टिकली नाही तर?"

"टिकंल. आज हत्याराला हात लावायचा नाय, साहेब. टेप पुसलीत तवा नव्हती घाई?"

मी पेढा तोंडात टाकला. तेवढ्यात नव्या डिस्कमधून आवाज आला. टक्... टक्... टक्.

मी ताटाकडे पाहिलं. प्लग तिथेच. काकांनी खोक्याला कान लावला. चेहरा उतरला त्यांचा.

"आतलं लिहिणारं-वाचणारं हेड मागं जाऊन आदळतंय. सुरुवातीच्याबी मागं जायला बघतंय. अन् लाईट तर नाय..."

सुरुवातीच्या मागे? म्हणजे उणे नंबर! मी प्रोग्रॅमचा प्रिंटआउट टेबलावर पसरला. चूक तिथेच होती. डिस्कवरच्या जागेचा नंबर मी सोळा बिटांत ठेवला होता. त्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतच मावतं. त्यापुढचा आकडा थेट उणे होतो. जुन्या छोट्या डिस्कवर तिथवर कधी पोचलोच नव्हतो. नव्या डिस्कवर अर्ध्या वाटेत, हेड कुठे न्यायचं ते काढणाऱ्या भागाकाराचं उत्तर उणे आलं असतं, हेड मागे येऊन सुरुवातीला आदळलं असतं आणि तिथेच लिहीत सुटलं असतं — कुठली फाइल कुठे आहे ते जिथे लिहिलेलं असतं, बरोब्बर त्यावर.

लाल पेनाने मी सोळा बिटांचं int खोडून बत्तीस बिटांचं long केलं. फुशारकीने म्हटलं, "झालं!"

टक्... टक्.

"नाय झालं," काका हळूच म्हणाले.

पुन्हा ओळ न् ओळ वाचली. भागाकाराच्या आधीच्या ओळीत तोच नंबर मी परत सोळा बिटांच्या जागेत कोंबला होता! तेही खोडलं.

आवाज थांबला.

काकांनी ताटातलं एक फूल उचलून प्रिंटआउटवर ठेवलं.

दसऱ्याला सुट्टी सोडून आम्ही दोघं आलो. दोन्ही दुरुस्त्या मशीनमध्ये टाकल्या, कॉपी लावली. शेवटची फाइल उतरली आणि जुनी डिस्क घरघरत थांबली. ती पुन्हा फिरली नाही.

पुढे मी हे एका इंजिनिअर मित्राला सांगितलं. तो म्हणाला, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडी वीज उरते, तिनेच हेड हललं असेल. असेलही. मी मान डोलावली. पण त्या दिवशी मी मशीनला बोटही लावलं नव्हतं... दुरुस्ती फक्त कागदावर केली होती. ते नव्या डिस्कला कसं कळलं? मला अजून कळलेलं नाही.