दसऱ्यानंतर बदललेली नावं

मच्छिंद्र लोणी काळभोरचा. हात शेतकऱ्याचे, नजर मात्र कॅमेऱ्याची. विश्रांतवाडीत श्रीधरपंतांच्या स्टुडिओत तो लग्नांचं शूटिंग करी आणि तिथलं लिनक्सवर चालणारं संगणकाचं मशीनही सांभाळी. पुस्तकातून, चुकतमाकत, ओल्या मातीत पाऊल रोवावं तसं तो ते शिकला होता.

त्या साली त्याच्या मेहुणीचं लग्न झालं. शूटिंग अर्थातच जावयाचं. सासूबाई आनंदीबाई, ज्यांना तो मामी म्हणे, लोणीतच राहत. दिवाळीत सगळ्या भावकीला बसवून सिनेमा दाखवायचा, असं त्यांनी जाहीरही करून टाकलं होतं.

दसऱ्याला स्टुडिओत हत्यारांची पूजा होते. कॅमेरे, दिवे, ट्रायपॉड, सगळ्यांना हळदकुंकू. मच्छिंद्रनं भक्तीच्या भरात मशीनमधल्या, शूटिंग साठवायच्या डिस्काही बाहेर काढल्या, धूळ पुसली, कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि परत बसवल्या. मशीन प्रत्येकीला जे नाव देई, ते तिच्यावर पेननं लिहिलेलं होतंच. मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर एसडीए, लग्नाच्या डिस्कवर एसडीबी, कोऱ्या डिस्कवर एसडीसी.

दुसऱ्या दिवशी मशीन कुरकुरलं. पडद्यावर ओळ उमटली: आठ, तेहतीस या डिव्हाइसवर वाचता येत नाही.

मशीन आतल्या आत डिस्कला नावानं ओळखत नाही, आकड्यांनी ओळखतं. आठ हे डिस्कांचं खातं. पुढच्या आकड्यात प्रत्येक डिस्कच्या वाट्याला सोळा घरं, मोजणी शून्यापासून. पहिली सोळा एसडीएची, दुसरी एसडीबीची, बत्तीसपासून एसडीसी. बत्तीस म्हणजे अख्खी एसडीसी, तेहतीस म्हणजे तिचा पहिला भाग.

"कोरीच बिघडली, पंत!" मच्छिंद्र हसला. त्यानं एसडीसी लिहिलेली डिस्क काढून ठेवली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

कुरकुर तशीच. ओळ मात्र वेगळी: आठ, सतरा. म्हणजे एसडीबीचा पहिला भाग.

"दुखणं तेच, घर बदललं?" तो पुटपुटला. आणि वाकून त्यानं मशीनच्या आत पाहिलं. पूजेनंतर वायरींची अदलाबदल झाली होती. मशीनला जी डिस्क आधी भेटेल तिला क्रमानं आधी येणारं नाव, मग त्यानुसार आकडा; कोरी निघताच मागची एक घर पुढे सरकली. पेननं लिहिलेलं त्याला काय माहीत! आजारी होती ती लग्नाची डिस्क.

श्रीधरपंतांनी चष्मा सावरला. "पूजा उत्तम झाली, मच्छिंद्र. देव प्रसन्न झाले, फक्त आपापली आसनं बदलून बसले."

"पंत, थट्टा नको. मामी मला लोणीत पाऊल ठेवू देणार नाहीत."

"मग राहा इथंच. भाडं मात्र पडेल."

आता लग्न कोऱ्या डिस्कवर उतरवायचं होतं. कोरी परत जोडली. पण उलट्या दिशेनं उतरलं, तर लग्नावर कोरी पाटी फिरणार. मच्छिंद्रनं नावावर विश्वास ठेवला नाही. पडद्यावरच्या प्रत्येक नावाला त्यानं कारखान्याचा क्रमांक विचारला. तोच क्रमांक डिस्कवरच्या कागदावर छापलेला असतो, वायर बदलली तरी बदलत नाही. पण कागद कुंकवानं माखलेला.

"पुसतोस की आरती करतोस?" पंतांनी स्वतःचा रुमाल पुढे केला.

ओल्या रुमालाखालून आकडे उजळले. कुठून कुठं, हे मच्छिंद्रनं दोनदा ताडून पाहिलं आणि मग कळ दाबली. डिस्क अडखळत, धापा टाकत, पेठेतल्या चढावरच्या सायकलीसारखी चालली. बहुतेक सगळं उतरलं. पाठवणीचा एक तुकडा मात्र कायमचा गेला.

दिवाळीत लोणीत अंगण भरलं. हळद, वरात, मंगलाष्टका, सगळं झळकलं. पाठवणी आली आणि चित्र टुणकन नवरीच्या निघालेल्या गाडीवर गेलं.

आनंदीबाईंनी मान वळवली. "जावईबापू, मधलं कुठं हाय? मी पोरीच्या गळ्यात पडून रडले हुते ते?"

मच्छिंद्र उठून उभा राहिला. "मामी, माझ्या हातनं गेलं. वाचवता आलं नाही."

आनंदीबाईंनी पदर सारखा केला, पाहुणी आलेल्या नव्या विहिणीकडं एक नजर टाकली आणि खड्या आवाजात म्हणाल्या, "बघा गं सगळ्या. सिनेमात आनंदी कुठं रडली न्हाई. चला, फराळाचं वाढा. जावयाला आधी."