ओ आला कुठून?

मी अकलेचे कसे तारे तोडले ते सांगते, पण आधी हातातला कप खाली ठेवा. सांडाल!

आम्ही राहतो गोडदेवला. सोसायटीत रक्तदान शिबिर होतं. माझी सायली नुकतीच अठराची झालेली, गेली हौसेने. आली ती नाचतच. "आई, माझं ओ पॉझिटिव्ह निघालं!"

माझी पोळी तव्यावरच करपली. अहो, माझा रक्तगट ए, आमच्या ह्यांचा बी. मग मुलगी एबी नको? फार तर ए, नाहीतर बी. हा ओ आला कुठून?

ह्यांना विचारलं तर मोबाईलमधून मान वर न करता म्हणतात, "असेल गं काहीतरी."

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. बाळंतपणात माझ्या शेजारच्या खाटेवर एक गुजराती बाई होती. तिलाही त्याच दिवशी मुलगीच झालेली! आणि आमची सायली लहानपणापासून डाळीत साखर घालून खाते. बोंबील भाजले की नाक मुरडते. आमच्या मालवणी खानदानात असं कोणी केलंय कधी? सांगा ना!

समोरच्या हंसाबेनकडे जाऊन ढसाढसा रडले. "बेन, हमारे घर में दाल में साखर कोई नहीं डालता!"

त्यांनी मला पाणी दिलं. "अरे, पण अच्छी लगती है ने?"

मग मी सायलीकडे नुसती बघत बसायची. ठरवलं, रक्त कुणाचंही असो, हिला मी परत देणार नाही. पण मग माझी पोटची पोर कुठे असेल? तिच्या केसांना तेल कोण लावत असेल? खरं सांगते, घास उतरेना.

शेवटी एका रविवारी सायलीला तेल लावता लावता रडूच फुटलं. "तू कुणाचीही असलीस ना, तरी मी तुला सोडणार नाही!"

सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला. "आई, प्रत्येकाकडे रक्तगटाची दोन जनुकं असतात गं, एक आईकडून आलेलं, एक बाबांकडून. तुझ्याकडे ए आणि ओ, पप्पांकडे बी आणि ओ. ए नाहीतर बी सोबत असला की ओ गप्प बसतो, म्हणून तुमच्यात दिसला नाही. मला दोघांचाही ओच मिळाला. तुमचीच आहे मी!"

तेलकट हातांनीच तिला घट्ट धरलं. जीव भांड्यात पडला हो! पण माझं तोंड गप्प बसेल तर ना? "मग ती डाळीतली साखर?"

"तू ऑफिसला जाताना मला रोज कुणाकडे ठेवायचीस?"

हंसाबेनकडे! शाळेत जाईपर्यंत पोरगी त्यांच्याच हातचं जेवली. आणि मी रडायला गेले कुठे? थेट त्यांच्याच घरी, त्यांच्याच डाळीची तक्रार घेऊन!